विनीतावहिनींचं लॅटिन

विनीतावहिनी नवऱ्याला सोडून गेल्या, ही बातमी महाडात काकरतळ्याच्या आळीत सकाळी दुधाबरोबर आली आणि दुपारपर्यंत तिच्यावर चांगली जाड साय धरली. पुरावेही भक्कम होते. दर शनिवारी पहिल्या एस.टी.ने बाई मुंबईला, अंगावर इस्त्रीची साडी, हातात बॅग. रविवारी संध्याकाळी परत, आणि चेहऱ्यावर दमल्याचं नाव नाही! त्यात त्यांचे यजमान हैबतराव, तहसील कचेरीतले कारकून, रविवारी ओट्यावर बसून स्वतः कोथिंबीर निवडताना दिसलेले. एवढं बघितल्यावर आळीनं आणखी काय बघायचं?

खरं काय ते बाहेर पडलं तेव्हा आळीची निराशाच झाली. चव्वेचाळीस वर्षांच्या विनीतावहिनींनी विद्यापीठात नाव घातलं होतं. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिकायला.

"सोडून गेल्या असत्या तर समजलं तरी असतं," काशीराम दुकानदार म्हणाला. "हे काय मधेच?"

या 'मधेच'चं कारण होती त्यांची लेक इरावती. ती मुंबईत प्राचीन इतिहासात एम.ए. करत होती. कोकणच्या बंदरांत दोन हजार वर्षांपूर्वी जे दर्यावर्दी येऊन गेले, त्यांनी लिहून ठेवलेलं तिला मुळातून वाचायचं होतं. त्यासाठी दोन वर्षांचा शनिवार-रविवारचा वर्ग होता, पण अट अशी, की सात विद्यार्थी असतील तरच वर्ग, आणि सातही पास झाले तरच दुसरं वर्ष. विद्यार्थी जमले सहा. नव्याण्णवच्या जूनमध्ये इरावतीचा फोन आला. "आई, तू बी.ए.ला संस्कृत घेतलं होतंस ना? मग ये ना गं. नुसतं नाव तरी घाल."

वहिनी नुसतं नाव घालायला गेल्या आणि पहिल्याच तासाला फसल्या. संस्कृतच्या आठ विभक्त्या पाठ असलेल्या बाईला लॅटिनच्या सहांची भीती कसली? बाकीची पोरं फळ्याकडे बघून घाम पुसत होती, आणि या मान हलवत होत्या. बावीस वर्षं भाजी, धुणं आणि पाहुणे यांच्याखाली दबलेलं डोकं अचानक मोकळ्या हवेत आल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत पेणपासून माणगावपर्यंत त्या एकट्याच हसत होत्या म्हणे. शेजारच्या बाईनं पिशवी उचलून जागा बदलली.

मग घरात ग्रीक शिरलं. अक्षरं सारखी नजरेखाली राहावीत म्हणून वहिनींनी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या अठ्ठावीस डब्यांवर ग्रीक लिपीत चिठ्ठ्या चिकटवल्या. शब्द मराठीच, साखर, मीठ, मेथी. पण लिपी अशी की हैबतरावांना वाटावं, डब्यांवर मुंग्यांनी सभा भरवलीय. पहिल्या शनिवारी त्यांनी आमटीत मिठाऐवजी खायचा सोडा टाकला. आमटी फसफसत पातेल्याबाहेर आली आणि थेट शेगडीवर गेली. त्यानंतर त्यांनी मुकाट्यानं पाटी घेतली. नावातच हैबत, पण या माणसानं जन्मात कुणाला घाबरवलं नव्हतं; भूक मात्र त्यांना घाबरवायची. दिवाळीपर्यंत त्यांना चोवीसच्या चोवीस अक्षरं येऊ लागली.

इथवर सगळी गंमत होती. मार्चात वर्षाच्या परीक्षेची तारीख आली आणि गंमत संपली. पेपर नेमका छबिन्याच्या दिवशी. विरेश्वराचा छबिना म्हणजे गावोगावच्या पालख्या महाडात आणि गावोगावचे पाहुणे आपल्या घरात. पोलादपूरकडच्या कापड्याहून ठकूबाईंचा, हैबतरावांच्या थोरल्या बहिणीचा, निरोप आला: आम्ही पंधरा माणसं येतोय, सून घरात पायजे.

वहिनींनी भरलेली बॅग गुपचूप रिकामी केली. पुस्तकं कपाटात, साडी दांडीवर. आपण नाही बसलो की सातातला एक गळाला, लेकीचं दुसरं वर्ष बुडालं, हे त्यांना कळत होतं. वन्संपुढे "नाही" म्हणायची जीभ मात्र बावीस वर्षांत कधी उचललीच नव्हती.

हैबतरावांनी दांडीवरची साडी पाहिली. ती काढली, वेडीवाकडी घडी घातली, बॅगेत कोंबली.

"अहो, पण वन्सं—"

"आक्काला मी बघतो."

"आणि जेवण?"

"तेही मीच बघतो. तू गाडी चुकवू नको."

छबिन्याच्या दिवशी सकाळी वहिनी मुंबईत पेपर लिहीत असताना ठकूबाई महाडच्या स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. परत आल्यावर वहिनींना हा प्रसंग आळीतल्या पाच घरांनी पाच वेळा सांगितला. दरवेळी ठकूबाईंचा आवाज चढताच.

"हैबती! ह्ये काय चेटूक चिकटवलंय रे डब्यांवर? नऊ डबे उघडले, मिरी घावत नाय!"

"वरच्या फळीवर, डावीकडनं तिसरा," हैबतराव चष्मा पुसत म्हणाले. "ही मिरी. तो तीळ. हा सोडा, याला हात नको लावूस."

"तुला वाचता येतंय ह्ये?"

"येतं."

"कुनाची भाषा म्हनायची ही?"

"ग्रीकांची."

ठकूबाईंनी पदर कमरेला खोचला, पंधरा माणसांचा स्वयंपाक भावाला एकेक डबा विचारत केला, आणि संध्याकाळी पालखीपुढे जो भेटेल त्याला सांगितलं, "आमचा हैबती ग्रीक वाचतो, म्हाईत हाय?" बायकोनं शिकवलं, हे मात्र गिळलं.

मे महिन्यात निकाल लागला. सातही पास. लॅटिनला विनीतावहिनी वर्गात पहिल्या. ग्रीकला लेकीनं दोन मार्कांनी मागं टाकलं, त्यावरून मायलेकींत दोन दिवस अबोला. दुसरं वर्ष जुलैत सुरू होणार असं पत्रच आलं. हैबतरावांनी आळीत पेढे वाटले, तेही असे की जणू स्वतःच पास झालेत. काशीरामानं दोन घेतले.

ठकूबाई मुद्दाम कापड्याहून आल्या. पेढा तोंडात टाकला, सगळ्या बायका बसलेल्या बघितल्या आणि ठेवणीतला प्रश्न काढला. "पास झालीस, चांगलं झालं गो. पन ही भाषा बोलनार कुनाशी? ती बोलनारी मानसं तर कवाच मरून गेली म्हनं."

विनीतावहिनी म्हणाल्या, "म्हणूनच तर शिकले, वन्सं. मी बोलत असताना मधे तोंड घालायला कुणी उरलेलं नाही."