झाकलेला सीपीयू

कुडव्याचा रत्नपाल घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि निघताना दरडावून सूचना देतो. त्या दिवशी तो राइस मिलशेजारच्या रुक्माबाईंकडे विंडोज टाकायला बसला. दोन तास झाले तरी आकडा वीस टक्क्यांवरच. त्यानं पेनड्राइव्ह बदलला, हार्डडिस्कला शिव्या घातल्या. शेवटी टेबलाखाली हात घातला, तर सीपीयू तव्यासारखा तापलेला आणि मागून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला.

"चालू असताना झाकून कायले ठेवता, मावशी?" तो खेकसला.

"तूच तं सांगून गेला होतास बाबू, मिलचा कोंडा जाते, झाकूनच ठेवा."

प्लास्टिक काढलं, सीपीयू निवला आणि आकडा झरझर पुढे सरकू लागला.

निघताना रत्नपालच्या ओठांवर नवी सूचना आली. ती गिळून त्यानं हळूच विचारलं, "मावशी, मी आणखी काय काय सांगून गेलो होतो?"