डालग्यावरचे ठिगळ

उमा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते. फोन विश्वासचा होता. तो तिच्या कार्यशाळेतला सुतार, वीस वर्षांपासूनचा. "बाई गेल्या. झोपेतच," एवढेच तो म्हणाला. मी घोरावाडी स्टेशनजवळ राहतो. पुढच्या गाडीने लोणावळ्याला निघालो. खिडकीशी बसल्यावर दुःखाच्या आधी मनात आली ती सुटकेची भावना. हे लिहायला बरे वाटत नाही, पण उभा जन्म बातम्या लिहिण्यात गेल्यावर घटनांचा क्रम बदलून सांगणे जमत नाही. उमाच्या डोक्यावर एक काम होते. ते राहून जाईल अशी भीती तिला होती आणि तिच्याहून जास्त मला होती. ते झाले होते. गाडी कामशेतला थांबली तेव्हा रडू आले.

उमा दिवे करायची. मुंबईत डिझाइन शिकली, काही वर्षे एका फर्निचर कंपनीत होती, मग वडिलांच्या लोणावळ्यातल्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तिने स्वतःची कार्यशाळा काढली. तिची आणि माझी ओळख कॉलेजपासूनची. कोऱ्या कागदावर ती कधीच सुरुवात करत नसे. तिला समोर एखादी जुनी, हाताने केलेली वस्तू लागायची. लोणावळ्यात ती मिळण्याची एक वाट होती. मुंबईकरांचा एखादा जुना बंगला विकला गेला की आतले सामान टेम्पोत भरून बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात यायचे, आणि दुकानदार टेम्पो रिकामा करायच्या आधी उमाला फोन करायचा. ती पायात मिळेल ती चप्पल घालून पोचायची. पितळी कड्या, चिनी मातीच्या मुठी, रेल्वेचे हातदिवे, पत्र्याला ठोकून केलेले डबे... कोणतीही वस्तू हातात घेतली की ती आधी उलटी करून तळ बघायची. मी कारण विचारले तर म्हणाली, "वरच्या बाजूला करणारा सावध असतो. खाली नसतो."

अशाच एका टेम्पोत तिला एक डालगे सापडले. डालगे म्हणजे कोंबड्या आणि पिल्ले झाकून ठेवायची बांबूची घुमटासारखी टोपली. मावळात ती घरोघरी असते, तिचे कुणाला अप्रूप नसते. या डालग्याच्या मधोमध मात्र तिरप्या कामट्यांचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात एका जागी कामट्या दुहेरी झाल्या होत्या. उमाने ते तीन महिने टेबलावर ठेवले. नंतर आत बल्ब लावून ते छताला टांगले. भिंतीवर तिरप्या रेघांचा उजेड पडला आणि त्यात एकाच ठिकाणी जाड, गडद रेघ आली. त्यातून तिचा सर्वांत गाजलेला दिवा तयार झाला. तो हॉटेलांत गेला, घरांत गेला, प्रदर्शनांत गेला. प्रत्येक दिव्यात ती दुहेरी जागा नेमकी त्याच ठिकाणी आली पाहिजे, असा तिचा हट्ट असे. विश्वासने एकदा ती विसरून दिवा तयार केला, तर तिने तो पूर्ण उसवायला लावला.

त्या दिव्यावर रविवारच्या पुरवणीत मी लेख लिहिला. त्याला आता बारा वर्षे झाली. 'मावळातील ही पारंपरिक वीण पिढ्यानपिढ्या चालत आली आहे,' असे मी त्यात लिहिले. दुहेरी कामट्या म्हणजे सह्याद्रीच्या दुहेरी डोंगररांगेची खूण, असेही लिहिले. हे मला कुणीही सांगितले नव्हते. मी कुणाला विचारले नव्हते. शनिवारी संध्याकाळी पान लावायचे होते आणि वाक्य छान जमले होते, एवढेच त्यामागचे कारण. उमाने लेख वाचून फोन केला. "छान लिहिलंयस. पण हे खरं आहे का रे?"

"कोण विचारायला येणार आहे?" मी म्हणालो.

ती हसली. पुढे दिव्याला दोऱ्याने बांधलेल्या कार्डावर तिने माझेच वाक्य छापले, आणि ते कार्ड कित्येक वर्षे दिव्यांबरोबर जात राहिले.

तीन वर्षांपूर्वी तिला मोठी ऑर्डर आली. विणणारे हात कमी पडले, म्हणून ते मूळ डालगे गाडीत घालून ती आजूबाजूच्या गावांतल्या बुरडांकडे आणि डोंगरातल्या वाड्यांवर फिरली. सगळ्यांनी डालगे फिरवून बघितले, काम चांगले आहे म्हणाले आणि परत दिले. असे कुणीच विणत नव्हते. कुणाच्या आईने किंवा आजीनेही विणले नव्हते. उर्से गावाच्या बाजूला भेटलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने तिला सरळच सांगितले, "ही गावाची वीण न्हाई, ताई. ही कुणा एकीची हाय."

त्या संध्याकाळी उमाचा फोन आला. "अरे, परंपरा वगैरे काही नाहीये ती. एक बाई आहे."

"कोण?"

"तेच तर विचारतेय. कोण?"

तिचे डायलिसिस तेव्हा सुरू झालेले होते, आठवड्यातून दोनदा. तिने ऑर्डर थांबवली. छापून आलेली कार्डे विश्वासला बंबात टाकायला लावली. मी तिला समजावले की इतक्या वर्षांनंतर ती बाई सापडणे अवघड आहे, सापडलीच तर हयात असेल की नाही हेही सांगता येत नाही. ती शांतपणे म्हणाली, "मी तिचं काम माझ्या नावावर नाही लावलं. मी ते कुणाच्याच नावावर लावलं नाही. हे जास्त वाईट आहे. ती असेपर्यंत, किंवा मी असेपर्यंत, तिला शोधायचं."

शोधायचे काम माझ्याकडे आले, आणि ते रास्त होते. डालगे कोणत्या बंगल्यातून आले ते दुकानदाराला आठवत होते. बंगल्याच्या जागी आता रिसॉर्ट आहे. आधीच्या मालकांच्या मुलीने मुंबईहून फोनवर सांगितले की त्यांच्याकडे माळीकाम करणारे एक जोडपे मागच्या खोलीत राहायचे आणि कोंबड्या पाळायचे. माळी वारला. बायको टाकव्याकडे कुठेतरी गेली. तिचे नाव ठकू. टाकवे बुद्रुक आणि त्याच्या वरच्या वाड्यांमध्ये ठकूबाई बऱ्याच आहेत. पहिलीने डालगे बघून नकारार्थी मान हलवली. दुसरीने आम्हाला चहा दिला, डालगे नीट न्याहाळले आणि म्हणाली, "माजं न्हाई. पर तुमी येवड्या लांबनं आलाय, तर म्हना माजं." उमा त्या दिवशी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसली.

तिसरी ठकूबाई वरच्या वाडीत लेकीकडे राहत होती. सत्तरीच्या पुढची, अंगाने बारीक. अंगणात नाचणी वाळत घालत होती. विश्वासने डालगे गाडीतून काढले आणि ती तिथूनच ओरडली, "आगं बया! माजं डालगं! ह्ये कुटं घावलं तुमाला?"

आम्ही ओसरीवर बसलो. उमाने तिच्यापुढे एक दिवा ठेवला, आणि त्याच्या चित्रांचे पुस्तक. ठकूबाईंनी पाने उलटली. "ह्याच्यात दिवा लावला? मंग कोंबडी कुटं झाकली?"

"कोंबड्या नाहीत माझ्याकडे, मावशी."

"तरीच."

मग उमाने जे सांगायचे ठरवले होते ते सांगितले. "मावशी, माझी चूक झाली. इतकी वर्षं मी लोकांना सांगितलं, की मावळात सगळ्याच बायका असं विणतात."

"सगळ्याजनी?" ठकूबाईंनी शेजारच्या घराकडे हनुवटी उडवली. "त्या रखमीला इचारा. तिला साधी दुरडी सरळ येत न्हाई." घरातून कुणीतरी, बहुधा रखमीनेच, काहीतरी उलट सुनावले. ठकूबाईंनी लक्ष दिले नाही. बंगल्यावर एक बोका होता, त्या सांगू लागल्या. तो भोकांतून पंजा घालून पिल्ले ओढायचा. कामट्या तिरप्या घातल्या की आत हवा जाते, पंजा जात नाही. "कुनी शिकवलं न्हाई. बोक्यानं शिकवलं."

मी वही काढली होती. विचारले, "आणि या दुहेरी कामट्या?"

त्या पुढे वाकल्या, डालग्यावरची जागा बघितली, मग दिव्यावरची, मग पुस्तकातल्या दिव्यांवरची. एकेका चित्रावर बोट ठेवत गेल्या. "तितं उंदरानं कुरतडलंतं. म्या ठिगळ लावलं." त्या उमाकडे बघत राहिल्या. "ताई... तुमी ठिगळ बी इनलं? समद्यांस्नी?"

उमाने कपाळावर हात मारला. विश्वास, ज्याने एक दिवा उसवला होता, तो उठून गाडीपाशी गेला आणि पाठ करून हसत उभा राहिला. मी डोंगररांगेबद्दल जे लिहिले होते ते उमाने तिथे वाचून दाखवले. तिने त्या लेखाचे कात्रण मुद्दाम आणले होते. ठकूबाईंनी मला विचारले, "भाऊ, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मंग लिवलं कसं?"

मी वही मिटली.

निघताना उमाने विचारले, "पुढच्या दिव्यांतून ठिगळ काढून टाकू का?" ठकूबाईंनी थोडा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. पर माजं नाव लिवनार असाल, तर उंदराचं बी लिवा."

नवे कार्ड उमाने स्वतः लिहिले. त्यावर 'मूळ वीण' या शब्दांखाली ठकूबाईंचे पूर्ण नाव आणि वाडीचे नाव आहे, आणि खाली एक ओळ : दुहेरी जागा म्हणजे उंदराने कुरतडल्यावर लावलेले ठिगळ. दिव्यांच्या विक्रीतला ठकूबाईंचा हक्क कागदावर आला. माझ्याकडचे काम उरले होते. मी निवृत्त झालेलो, पुरवणीची संपादक नवी. इतक्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापायची कशाला, असे तिने विचारले. मी तिला दोन महिने सोडले नाही. उमाच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी, ती चार ओळींत छापून आली. मी अंक घेऊन गेलो तेव्हा उमा खुर्चीत बसून होती, पाय सुजलेले. तिने भिंग लावून वाचले. "बारा वर्षं उशीर," ती म्हणाली. अंक घडी करून मांडीवर ठेवला. "पण आता झोप येईल."

त्या शेवटच्या आठवड्यांत तिने आणखी एक गोष्ट केली होती, ती मला नंतर कळली. दिवस झाल्यावर ठकूबाई लेकीला घेऊन आल्या, तेव्हा विश्वासने कार्यशाळेमागची खोली उघडली. उमाने जन्मभर जमवलेल्या वस्तू तिथे फळ्यांवर आहेत. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधलेली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या थरथरत्या अक्षरात एकच शब्द होता : कोणी? खाली जागा मोकळी.

ठकूबाई फळीफळीने बघत फिरल्या. हातदिव्यापाशी म्हणाल्या, "ह्ये आमचं न्हाई, रेल्वेचं." पितळी कड्या हलवून बघितल्या आणि पुढे गेल्या. कोपऱ्यात ताक वाढायचे एक लाकडी ओगराळे होते. ते त्यांनी उचलले, फिरवले, दांडा डाव्या हातात धरून बघितला. "ह्ये कोंडीबा सुताराचं. टाकव्याचा. डावरा व्हता, म्हून दांडा असा वळतो. लय दिस झालं जाऊन त्याला."

मी पेन्सिल काढली, आणि थांबलो. "नक्की?"

"तवा इचारायचं सोडलं, आन आता इचारतो व्हय?" त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठीवर लिहिले : कोंडीबा सुतार, टाकवे बुद्रुक, असे ठकूबाई सांगतात. पुढच्या मंगळवारी ओगराळे घेऊन टाकव्याला गेलो. कोंडीबाची सून घरी होती. तिने ते हातात घेतले आणि आतून अगदी तसेच, त्याच बाजूला वळलेले दुसरे आणून शेजारी ठेवले. परत लोणावळ्याला आलो, विश्वासकडून पेन घेतले आणि पेन्सिलीची अक्षरे शाईने गिरवली. 'असे ठकूबाई सांगतात' हे शब्द तसेच राहू दिले. इतर चिठ्ठ्यांवरची जागा अजून मोकळी आहे. दर मंगळवारी मी एक वस्तू पिशवीत घालून बाहेर पडतो.