डोंगराला बोलू द्या

भडगावच्या हेमांगीला मोबाईल कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात ‘अडेलतट्टू’ म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तेवढा मोकळेपणा तिथे होता. टॉवरची तक्रार मिटवायला तिला धाडत आणि मिटली नसेल तर मिटली असं ती लिहीत नसे. दोष एवढाच.

चोपड्याच्या वर, सातपुड्याला टेकलेल्या एका पाड्यावर नवा टॉवर लागला होता. मोबाईलवर सिग्नलच्या पाचही कांड्या भरलेल्या, नेट मात्र हलेना. रेशनच्या मशीनवर अंगठा दाबून दाबून पाड्यावरच्या रुपलीबाईच्या रेषा झिजल्या, तांदूळ आला नाही. शेवटी मशीन जिथे चालतं त्या गावापर्यंत बाया आठ किलोमीटर चालू लागल्या.

“पाच कांड्या आहेत ना?” ऑफिसात कुंदनसाहेब म्हणाले. “कारण लिही, ‘ग्राहकाचे मोबाईल खराब’. सही कर, विषय संपला.”

“सगळ्या पाड्याचे एकदम खराब?”

“ऊन फार आहे तिकडे.”

“सही नाही करणार, साहेब.”

“मग सोमवारपासून काउंटरवर बसून सिमकार्डं विकशील.”

“विकेन. सही नाही.”

ती पुन्हा पाड्यावर गेली. तिथला म्हातारा ढोलवाला वेस्ता होळीचा ढोल तपासत होता. एक ठोका, मग थांबायचा. बराच थांबायचा.

“अडकलात का, आबा?”

“डोंगर बी बोलस ना, ताई. त्याले मधमा तोडानं नही. त्यानं बोलनं सरू द्या, मंग पुढला ठोका.”

हेमांगीने टॉवरकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या कड्याकडे. टॉवरही ठोक्याठोक्यानेच बोलतो. आधीचा प्रतिध्वनी विरावा म्हणून दोन ठोक्यांत सेकंदाचा जेमतेम दोन लाखावा भाग मोकळा सोडतो. सपाटीवरच्या गावांना पुरणारी ती मोकळीक इथेही तशीच बसवली होती. मागचा कडा त्याहून उशिरा उत्तर देई आणि पुढच्या ठोक्यात कालवून टाकी. कांड्या पाच होत्या खऱ्या. त्यातल्या काही कड्याच्या होत्या.

“मोकळीक वाढवा,” तिने साहेबांना फोन केला.

“वेग पडेल. वेगाचा आलेख खाली येईल.”

“आता शून्य आहे, साहेब. शून्याखाली कुठे जाईल?”

मोकळीक वाढली. रुपलीबाईचा झिजलेला अंगठा पहिल्या दाबात लागला. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात हेमांगीने लिहिलं : ‘डोंगर बोलत होता. आपल्या टॉवरने मध्येच तोंड घातलं.’ आणि सही केली, पूर्ण नावानिशी.

साहेब शब्दाचे पक्के. सोमवारी ती काउंटरवर होती. सिमकार्ड मागणाऱ्या प्रत्येकाला ती आधी विचारते, “गाव कुठलं? मागे डोंगर आहे का?” आणि ‘आहे’ म्हणणाऱ्याची तक्रार तिथेच लिहून घेते.