इथे पाय टेकतात

कुवेतमध्ये फहाहीलला आम्ही राहायचो त्या कंपाउंडमध्ये स्विमिंग पूल होता, आणि मुलं पाण्यात असताना काठावर कोणीतरी मोठं माणूस हवं, असा नियम होता. त्या माणसाला पोहता यायला हवं, असं मात्र नियमात नव्हतं. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. ज्यांना पोहता यायचं ते आमचे इंजिनिअर, त्यात माझा नवराही आलाच, शुऐबाच्या प्लांटमध्ये आठवडाभर राबून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारभर झोपायचे. लहानपणी आपण विहिरीत कशा उड्या मारायचो, हे जेवताना सांगून मग झोपायचे.

मी पंजाबी ड्रेस, ओढणी आणि पायांत चपला अशा जय्यत तयारीनिशी काठावर बसायचे. पोहता येत नसल्याने सगळी भिस्त घशावर. मी थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि त्याने 'हजर' म्हणायचं, असं ठरवून दिलं होतं. मुलं 'येस आंटी' म्हणायची. माझा सहा वर्षांचा मुलगाही मला 'येस आंटी' म्हणायचा. मराठी त्याला सगळं कळायचं, फक्त बोलायचा कंटाळा.

एका शुक्रवारी सगळ्यांची उत्तरं आली, त्याचं आलं नाही. उथळ बाजूला तो हात पसरून पालथा पडला होता. हालचाल नाही. मी पुन्हा हाक मारली आणि उत्तराची वाट न पाहता चपलांसकट उडी टाकली. ओढणी तोंडावर आली, नाकात पाणी गेलं, पाय सटकले. माझं मूल गेलं, एवढंच डोक्यात होतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला. चिरंजीव शेजारी उभे होते, पाणी त्यांच्या छातीपर्यंत. श्वास कोंडून तरंगायची शर्यत चालली होती म्हणे, आणि बाद न झालेले ते एकटेच उरले होते. बाकीची मुलं काठ धरून माझ्यावर लक्ष ठेवून होती. त्याने माझ्या तोंडावरची ओढणी बाजूला केली आणि चक्क मराठीत, रस्ता ओलांडताना मी त्याच्याशी बोलायचे त्या आवाजात म्हणाला, "आई, घाबरू नको. इथे पाय टेकतात."

मी उभी राहिले. पाणी जेमतेम कमरेपर्यंत होतं. त्याचा हात मात्र मी पायऱ्यांपर्यंत सोडला नाही.

पुढच्या शुक्रवारपासून थोड्या थोड्या वेळाने पाण्यातून हाक यायची, "आई?" आणि मी काठावरून म्हणायचे, "हजर."