कौसाताईंच्या डेअरीवरचा बोका

कौसाताई नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारायच्या, "घरी कुत्रं हाय का मांजर?" लाईटचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो, गावात नवी आलेली सून असो, की रस्ता चुकलेला ट्रकवाला असो, आधी हा प्रश्न. उत्तर आलं की 'हं' म्हणायच्या आणि त्या एका शब्दावर त्या माणसाशी पुढं कसं वागायचं ते ठरवून टाकायच्या. मलाही त्यांनी हेच विचारलं. मी हातात पिशवी घेऊन नवऱ्याच्या मागं उभी होते. कामाची फार गरज होती. उत्तर चुकलं तर काम हुकेल या भीतीनं मी म्हणाले, "सध्या कायच न्हाई, पन तुमी म्हनाल ते पाळू."

ताई इतक्या हसल्या की हातातल्या मापातलं दूध ओट्यावर सांडलं. "अगं, मी काय सरकार हाय का? उद्या पहाटं पाचला ये." एवढ्यावर मला काम मिळालं. ते हसणं माझ्यावर होतं की माझ्यासाठी, हे कळायला मात्र मला पुढं बरेच दिवस लागले.

मी शेवगावकडची. आईवडील ऊस तोडायला जायचे, त्यांच्याबरोबर जाता जाता सातवीतच शाळा सुटली आणि परत वर्गात बसायचं राहून गेलं. त्यामुळं लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, त्याच्या कामासाठी आम्ही काष्टीजवळच्या वस्तीवर राहायला आलो. जिल्हा एकच, पण मला ते परदेशासारखंच होतं. ओळखीचं कुणी नाही, आजारी पडलं तर दार वाजवायचं कुणाचं हेही माहीत नाही. मग कुणी काहीही म्हणालं की 'व्हय' म्हणायचं, अशी सवय मला लागली होती. नाराज कुणी व्हायला नको.

ताईंची डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं ओटा. आत दूध गार करायची स्टीलची टाकी, दुधाची फॅट मोजायचं मशीन, आणि मशीनच्या टेबलाखाली पोत्यावर एक करड्या रंगाचा, फाटक्या कानाचा बोका. दुधाच्या डेअरीवर मांजर! पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून आत शिरलाय. मी त्याला हाकलायला झाडू उचलला तर रांगेतली चार माणसं एकदम ओरडली, "ओ बाई, तलाठ्याला हात लावू नका!"

त्याचं नाव तलाठी. ताईंनीच ठेवलेलं. "यायची येळ त्याची, जायची येळ त्याची. आपन नुसती वाट बघायची," असं त्या सांगायच्या.

काम असं चालायचं. माणूस किटली घेऊन यायचा, मी त्यातलं थोडं दूध मशीनला लावायचे, आणि मापात उरलेलं घोटभर तलाठ्याच्या वाटीत ओतायचे. तलाठी प्याला तर ठीक. नाही प्याला तर ताई नुसत्या भुवया वर करायच्या. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं दूध हमखास घट्ट यायचं. मशीनशी लोक रोज भांडायचे. मशीन बिघडलंय, मशीन तुमीच सेट केलंय, आमच्या गाईला मशीनची दृष्ट लागली. तलाठ्याशी मात्र कुणी भांडलेलं मी पाहिलं नाही.

एकदा कॅन धुताना मी विचारलं, "ताई, त्याला खरंच कळतं का वो?"

"कशाचं कळतंय!" ताईंनी इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "प्वाट भरलेलं असलं तर त्यो अमृतालाबी तोंड लावनार न्हाई. म्हनून तर सगळ्यांचं दूध घेऊन हुईस्तवर त्याला कायबी घालायचं न्हाई. ध्यानात ठिव, डेअरीवर एवढा एकच नियम."

"मग लोक ऐकतात कसे?"

"कारन त्यो माझं ऐकत न्हाई. मी हितं कुत्रं बांधलं असतं तर लोक म्हनले असते, बाईनं शिकवून ठिवलंय. मांजराला कोन शिकवनार? त्यो कुनाच्याच बाजूचा न्हाई, हे सगळ्यांना ठावं हाय."

रोज पहिला नंबर रंगनाथ आबांचा. सत्तरीचे, चार गाई, स्वच्छ धोतर, आणि त्यांच्या लुनाच्या मागं पळत येणारा राजा नावाचा कुत्रा. आबांचं दूध म्हणजे गावात दाखला होता. बाळंतिणीला दूध हवं असलं की लोक आबांकडं जायचे. ते आणि ताई रोज सकाळी भांडायचे, आणि ते ऐकायला लोक मुद्दाम लवकर यायचे.

"राजा, बस!" आबा म्हणायचे. राजा बसायचा. "बघ कौसे, याला म्हनत्यात जनावर. सांग तुझ्या तलाठ्याला, बस म्हनून."

"त्यो बसलेलाच हाय. मी कशाला तोंड वाजवू?"

"मी मिरजगावला लग्नाला गेल्तो, तर दोन दिस राजानं भाकरीला तोंड लावलं न्हाई."

"म्हंजी लगीन खाल्लं तुमी आन् उपास घडला बिचाऱ्याला! मी गेले तर आमचा तलाठी शेजारी जेवून येतो. मला घोर न्हाई."

आबा गेल्यावर एक दिवस ताई माझ्याशी, पण खरं तर स्वतःशीच बोलल्या. "सासू, मालक, पोरं, गायी, सगळी आयुष्यभर माझ्या तोंडाकडं बघत बसली. आता घरात एक तरी जीव असा पायजे, ज्यो हितं राहतो त्यो त्याच्या मर्जीनं. सकाळी त्यो येऊन पायाशी बसला ना, का मला वाटतं, आपन बरी बाई असू." आणि मग लगेच, "बघत काय बसलीस, झाकनं पूस!"

आता माझी चूक सांगते.

शेजारच्या गाईला वासरू झालं होतं. त्यांनी चीक दिला, मी खरवस केला आणि ताईंसाठी डबा भरून आणला. ताई मागं कॅन धूत होत्या. तलाठी आला, दोन्ही पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून उभा राहिला आणि तोंडाकडं बघून ओरडला. जिला माणसाला नाही म्हणता येत नव्हतं, ती बोक्याला काय नाही म्हणणार? थोडा घातला, आणखी थोडा घातला. अर्धा डबा संपला तेव्हा बाहेर लुना थांबली.

मी आबांचं दूध मशीनला लावलं. फॅट नेहमीसारखीच चांगली लागली. उरलेलं वाटीत ओतलं. तलाठ्यानं वास घेतला, तोंड फिरवलं, आणि मांजरं घाण झाकतात तशी वाटीभोवतीची फरशी पंजानं खरवडायला लागला. मग ऐटीत भिंतीवर उडी मारून निघून गेला.

ओट्यावर एकच हशा. "आबा, तलाठ्यानं माती लोटली की वो तुमच्या दुधावर!"

"मशीन बघा! मशीन काय सांगतंय!" आबा म्हणाले.

"तुमीच म्हनता ना, मशीन खोटं हाय म्हनून?"

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी रिकाम्या किटलीला झाकण लावलं. ते दोनदा बसलं नाही. "कौसे, उद्यापासनं माझं दूध ह्या वट्यावर येनार न्हाई," म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागं राजा पळाला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट बाजारापर्यंत पोचली होती, आबाच्या दुधात पाणी. दुसऱ्या दिवशी कळलं की एका बाळंतिणीच्या घरून आबांचा रतीब बंद केलाय. आबा घराबाहेर पडले नाहीत. ताई दोन वेळा त्यांच्या दारावरून परत आल्या, आबांनी कडी काढली नाही. आणि मला घास जाईना. सांगितलं तर काम जाणार. एकच नियम होता, तोच मी मोडला होता. नाही सांगितलं तर एका म्हाताऱ्या माणसाचं जन्मभराचं नाव जाणार, तेही माझ्या अर्ध्या डब्यापायी.

तिसऱ्या दिवशी रांगेत कुणीतरी म्हणालं, "आबाचं जरा पातळच वाटायचं मला." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी खरवस घातला त्याला! आबांचं दूध चांगलं होतं! तलाठ्याचं पोट भरलेलं होतं!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ताईंनी माप खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं.

"किती घातलास?"

"अर्धा डबा."

"त्यो डबा माझ्यासाठी आनला हुतास ना?"

"व्हय."

"मंग उरलेला अर्धा कुठं हाय?"

"भीतीनं घरी नेला." मी रडायला लागले.

"घ्या! म्हंजी बोक्याला खरवस आन् मला रडगानं!" ताई म्हणाल्या. मग ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "ऐका रं समदे. ह्या बोक्याला दुधातलं कायबी कळत न्हाई. भूक असली की पितो, नसली की न्हाई. आबाचं दूध सोन्यासारखं हाय."

आपलं एवढं चांगलं चाललेलं हत्यार त्यांनी सगळ्यांसमोर टाकून दिलं. मला भरून आलं. पण झालं भलतंच. कुणी विश्वासच ठेवीना.

"ताई, तुमी आबाला सांभाळून घेताय."

"कळत न्हाई कसं?" मागून एकजण तावातावानं म्हणाला. "माझ्या टायमाला बरूबर धरलं हुतं त्यानं!" बोलला आणि जीभ चावली. ओट्यावर जो हशा उठला तो रस्त्यापर्यंत गेला असेल.

"आता बोक्यानं घालवलेलं बोक्यालाच आनायला लागंल," ताई म्हणाल्या. तलाठ्याला त्या दिवशी अजून काही घातलेलं नव्हतं. त्याला पाटीत घालून वरून फडकं बांधलं आणि आमची वरात आबांच्या वस्तीवर निघाली. पुढं ताई, मागं वाटी घेऊन मी, आणि मागं किटल्यांसकट वीसेक माणसं.

राजा भुंकत अंगावर आला. "राजा, बस!" आतून आवाज आला, राजा बसला आणि आबा दारात आले. "कशाला आलीस?"

"माफी मागायला. प्वाट बोक्याचं भरलं आन् नाव तुमचं गेलं, आबा. दूध द्या."

आबांनी वाटीत दूध ओतलं. ताईंनी पाटीवरचं फडकं सोडलं. तलाठी थेट उडी मारून अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसला आणि पाय चाटायला लागला. एक पाय झाला, दुसरा घेतला. वीस माणसं श्वास धरून बघतायत. ताई 'ये ये' करून दमल्या.

"कुत्रं असतं तर एका हाकेत आलं असतं," आबा म्हणाले. एवढ्या अपमानातही त्यांना राहवलं नाही.

"म्हनूनच कुत्र्याची साक्ष चालत न्हाई, आबा. जरा दम धरा."

अखेर तलाठी उतरला. राजाच्या नाकासमोरून, शेपटी वर करून, सावकाश वाटीपाशी आला. वास घेतला. आणि प्यायला. सगळं प्यायला, वाटी चाटून लख्ख केली. मग इकडंतिकडं बघितलं, शेजारी राजाच्या थाळीत दूधभाकरी होती, तीही खायला लागला. आणि राजा? आबांनी बस म्हटलं होतं म्हणून राजा बसलेलाच. एकदा थाळीकडं बघायचा, एकदा आबांकडं.

"अरं ऊठ की लेका, तुझी भाकरी चालली!" आबा ओरडले आणि पहिल्यांदा तेच हसले. मग कुणालाच आवरेना. दुसऱ्या दिवशी पहिला नंबर परत आबांचा. त्या दिवसापासून ते ओट्यावर आले की आधी टेबलाखाली वाकून म्हणायचे, "रामराम, तलाठीसाहेब. जेवान झालं न्हाई ना?"

त्या दिवशी आबांच्या वस्तीवरून परत येताना मी ताईंना विचारलं होतं, "मी उद्यापासून येऊ का नको?"

ताई रस्त्यातच थांबल्या. "हे मला इचारू नको. आल्यापासनं बघते, तू त्या राजावानी करती. मी बस म्हनलं की बसती, मी हसले की हसती. आज पहिल्यांदा कुनाला न इचारता बोललीस, आन् एका मानसाचं नाव वाचलं. तुला काम आवडत आसंल तर ये, न्हाई आवडत तर नको येऊ. मला माझ्या तोंडाकडं बघनारं आजून एक नको गं." दुसऱ्या दिवशी मी पाचला गेले. कुणाला न विचारता.

चार वर्षं तिथं काम केलं. मग नवऱ्याला कर्नाटकात एका शुगर फॅक्टरीवर कायमचं काम मिळालं आणि आम्ही इकडं आलो. आता मी एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आहे. निघताना मला वाटलं होतं, ताई रडतील. त्या दूध मोजत होत्या. एवढंच म्हणाल्या, "जा. मी काय साखळी न्हाई घातली." तेव्हा फार लागलं होतं. फोनवरही त्या कधी 'कधी येतीस' म्हणून विचारत नाहीत. आईसुद्धा विचारते, या नाहीत. माझं मन भित्रं, मला वाटायचं, विसरल्या असतील.

गेल्या महिन्यात न कळवता गेले. रात्रभर एसटी, दोन गाड्या बदलून सकाळी काष्टीत उतरले. डेअरीवर रांग लागली होती. मी ओट्यासमोर पिशवी घेऊन उभी राहिले आणि एकदम वाटलं, आता काय म्हणतील? कशाला आलीस म्हणाल्या तर?

ताईंनी मान वर केली. जणू मी चहा प्यायला मागं गेले होते आणि आत्ता परत आले, अशा नजरेनं बघितलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली आणि रिकाम्या हातात माप दिलं.

"आबाचं दूध लाव मशीनला. कवापासनं खोळंबल्यात."