साहेबाच्या स्वयंपाकघरातला वरवंटा

पूर्णेला रेल्वेचा एक जुना बंगला आहे. निजामाच्या काळात रूळ टाकायला आलेल्या ब्रॅडली नावाच्या इंग्रज इंजिनियरनं तो बांधला, सहा वर्षं राहिला, उन्हाला बेजार झाला आणि मायदेशी निघून गेला. पुढं कितीतरी वर्षं चौकीदाराचं घर सोडलं तर तिकडं कुत्रं फिरकलं नाही. आता मात्र तो ‘वारसा’ झालाय. समिती झाली, रंग लागला, दारात तिकिटाची खिडकी आली. आपल्याच गावातल्या बंगल्यात आपणच तिकीट काढायचं, चपला बाहेर सोडायच्या आणि ‘अबब, केवढं उंच छत!’ म्हणत हिंडायचं, अशी उत्तम सोय झाली.

समितीत मीही आहे. नाव अप्पाराव, इतिहासाचा निवृत्त शिक्षक. मला वाटलं होतं, इतिहासासाठी घेतलं. अक्षरासाठी घेतलंय हे नंतर कळलं. तिथल्या प्रत्येक वस्तूपुढची पाटी माझ्या हातची आहे.

पण मला सांगायचंय ते कडूबाईबद्दल. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईनं तिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे काळानं तोंड वाकडं करून पुढं जावं. काळ गेला पुढं. कडूबाई राहिली, आणि एकतीस वर्षं या बंगल्याच्या बागेत राबली. नवरा इथला चौकीदार होता. तो गेल्यावर मागच्या नोकरांच्या खोलीत ती आणि तिची लेक राजेश्री अशा दोघीच राहायच्या. ब्रॅडलीच्या मडमेचे गुलाब कधीच वाळून गेले होते. त्या वाफ्यांत कडूबाईनं अंबाडी, वांगी लावली, कुंपणाला शेवगा आणि कढीपत्ता. अर्ध्या रेल्वे कॉलनीनं तिची अंबाडी खाल्लीय. आमच्याही घरानं.

मग समितीनं पुण्याहून शिकून आलेला नचिकेत नावाचा तरुण व्यवस्थापक नेमला. पोरगा सालस, बोलायला गोड आणि ऐकायला ठार बहिरा. त्याला कुठूनतरी बंगल्याचा जुना फोटो सापडला. फोटोत हिरवळ होती, झालं! शेवगा तोडला, वाफे सपाट केले आणि चटईसारखी गुंडाळलेली हिरवळ ट्रकमधून आली. कडूबाई तिच्याकडं बघत उभी राहिली.

“सर, हे गवतच हाय ना?”

“हो.”

“जलमभर आमी हेच खुरपून फेकलं की वो. आता इकत आणायलेत?”

मी तिला वारसा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नळी उचलली. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत साहेबाचं गवत जगवायचं म्हणजे दिवसातून तीनदा पाणी, आणि ते पाजायला गावात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिची खोली मात्र ‘दुरुस्ती’साठी रिकामी करून घेतली. ती गल्लीत भाड्याच्या खोलीत गेली.

खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा कडूबाई इथं नव्हतीच. राजेश्री गंगाखेडला दिलेली. तिची दोन लेकरं गेली होती, एक पोटात, एक आठव्या दिवशी. तिसऱ्या खेपेला डॉक्टरनं अंथरुणाला खिळवून ठेवलं, म्हणून कडूबाई सुरुवातीचे दोन महिने तिकडं. इकडं आम्ही तिचं सामान मोठ्या काळजीनं हलवलं. त्यात एक काळाभोर पाटा-वरवंटा निघाला. साहेबाच्या स्वयंपाकघरात दाखवायला तोवर एक चमचाही नव्हता. नचिकेतचे डोळे चमकले. “सर, ओरिजिनल!”

आणि चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला मी, मी काय केलं? पाटी लिहिली. ‘ब्रॅडली साहेबांच्या स्वयंपाकघरातील मसाला वाटण्याचा दगड, इ. स. १९०८. हात लावू नये.’ साल मी बंगल्याच्या दारावरून उचललं. वरवंट्याचा एक कोपरा उडालेला होता. त्याचीही सोय लावली. साहेबाचा गोव्याचा खानसामा एकदा चिडला आणि त्यानं तो आपटला, असं मी पाहुण्यांना रंगवून सांगायचो. तुम्हाला हे कसं कळलं, असं एकानंही विचारलं नाही. वर्गातल्या पोरांनीही कधी विचारलं नव्हतं.

कडूबाई परतली, झाडू घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि पाट्या-वरवंट्याभोवती बांधलेल्या दोरीपुढं थबकली. पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसली. “राहू द्या सर. घरी मिक्सर हाय. माझ्या दगडाला राखण तरी बसली.”

मी ते थट्टेवारी नेलं. माझी बायको विमल सोबत होती. ती म्हणाली, “ऐकलं का? ‘माझा’ म्हणाली ती.” मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

वैशाखात राजेश्रीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. लेक माहेरी आली आणि चौथ्या दिवशी कडूबाई आमच्या दारात उभी. या वेळी हसत नव्हती.

“सर, वरवंटा लागतोय. बारसं हाय बाराव्या दिशी.”

आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा जातो. त्याला न्हाऊ घालायचं, टोपरं बांधायचं, दोघी बायांनी पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींना द्यायचा, आणि मग लेकरू. दगडासारखं आयुष्य लागावं म्हणून.

“आमचा घेऊन जा की,” विमल म्हणाली.

“तुमचा तुमच्या लेकरांचा, बाई. राजेश्रीला ह्यानंच राखलं. तिच्या त्या दोघांचं तर पाळण्यापत्तूर आलंच न्हाई काई.” ती उंबऱ्यावरच बसली. “आता ह्यो आधी गेल्याबिगर मी लेकराला पाळण्यात घालणार न्हाई. मला लय भ्या वाटायलंय, सर.”

आम्ही नचिकेतकडं गेलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वरवंटा सोडून सगळं दिलं. “ऑब्जेक्ट रजिस्टरला चढलंय, सर. बाहेर न्यायचं तर मालकीचा पुरावा आणि समितीचा ठराव.” समितीची बैठक महिनाअखेरीला. बारसं पुढच्या आठवड्यात. लेकराला तेवढं थांबायला सांगा, एवढंच काय ते त्यानं म्हटलं नाही.

पाटा-वरवंट्याची पावती जगात कुणी जपून ठेवलीय? कडूबाई म्हणाली, “पुरावा हाय. राजेश्री चार वर्साची व्हती. उचलाय गेली अन् पायरीवर पाडला. कोपरा तवा उडाला. खोलीच्या पायरीला खड्डा हाय अजून, चला दावते.”

आम्ही तिघं गेलो. पायरीवर समितीनं नवी चकचकीत फरशी बसवली होती.

“आणि पाटीवर तर सरांनीच १९०८ लिहिलंय,” नचिकेत माझ्याकडं बघून म्हणाला. अगदी आदरानं.

तिथंच मी तोंड उघडायला हवं होतं. पण गावभर खानसाम्याची गोष्ट सांगून झाली होती. इतिहासाच्या मास्तरानं थापा मारल्या, हे कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, “नियम आहे, कडूबाई. बाहेर नेता येत नाही.”

ती नचिकेतकडं वळली. “भाईर न्यायचा न्हाई. येवढंच ना?”

“एवढंच,” नचिकेत म्हणाला.

बाराव्या दिवशी विमलनं मला सकाळीच उठवून धुतलेला सदरा दिला. मी कडूबाईच्या गल्लीकडं वळलो, तर विमलनं हात धरून बंगल्याकडं नेलं. झाडलोटीसाठी किल्ली कडूबाईकडंच असते, हे आम्हा विद्वानांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

स्वयंपाकघरात पंधरा बाया दाटीवाटीनं बसलेल्या. ज्या आकड्याला माझ्याच पाटीनुसार साहेबांचा कंदील टांगायचे, त्याला पाळणा बांधलेला. साहेबाच्या टेबलावर घुगऱ्यांचं पातेलं. वरवंट्याला तेल-पाणी झालं होतं, हळदकुंकू लागलं होतं, आणि डोक्यावर लाल टोपरं. एका बाजूला शेजारची कस्तुराबाई, एका बाजूला कडूबाई.

“गोविंद घ्या.”

“गोपाळ घ्या.”

वरून, खालून, पुन्हा वरून. शेवटच्या खेपेला कडूबाईनं तो पाळण्यात निजवला, वाकली आणि त्याच्याशी हळूच बोलली. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. “तू आधी जा, बाबा. जे काय यायचं असंल ते तुझ्यावर येऊ दे.” राजेश्री भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागली. मला माझी लाज वाटली.

मग लेकरू पाळण्यात गेलं. आत्यानं कानात कुर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपके घातले, नाव ठेवलं वैदेही. नेमका तेव्हाच नचिकेत परभणीच्या चार पाहुण्यांना घेऊन दारात आला.

“हे काय चाललंय? ऑब्जेक्टला कुंकू? सर, तुम्हीसुद्धा?”

“ऑब्जेक्ट नाही, वरवंटा आहे,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण बऱ्याच वर्षांनी ऐकला. “कडूबाईंचा आहे. साल मी दारावरून उचललं. खानसामा माझ्या डोक्यातला. ती पाटी खोटी आहे आणि ती मी लिहिलीय.”

पाहुण्यांतल्या एका बाईनं द्रोणातल्या घुगऱ्या खाता खाता मान डोलावली. नचिकेतचा चेहरा पडला. पोरगा वाईट नाही. म्हणाला, “मग घेऊन जा, मावशी. सर लेखी देतील.”

कडूबाईनं टोपरं सोडलं. कुंकू पुसलं नाही. वरवंटा तसाच नेऊन पाट्यावर ठेवला आणि दोरीचा आकडा स्वतःच्या हातानं लावला.

“न्हाई नेत,” ती म्हणाली. “लेकरावर यायचं ते त्यानं घेतलंय आता. ते घरात परत कशाला नेऊ? हितं दोरी हाय, कुलूप हाय. राहू द्या.” मग माझ्याकडं वळली. “सर, पाटी नवी लिवा. माझं नाव घातलं न्हाई तरी चालंल. पण ‘हात लावू नये’ हे लय मोठ्या अक्षरात लिवा. पोरगी चालाय लागूस्तोर कुणी हात लावू नगा.”

त्याच दुपारी मी लिहिली. नाव घातलं, कोपरा राजेश्रीनं फोडला हेही घातलं. खालची ओळ एवढी मोठी काढली की दारातूनही वाचता येते. नचिकेत म्हणाला, बाकीच्या पाट्यांपेक्षा ही वेगळी दिसते. मी म्हणालो, दिसू दे.