बनाबाईची हाक

आमच्या गल्लीत सकाळ व्हायची ती बनाबाईच्या हाकेनं. "ए शहाजादे, ऊठ! तुझं दप्तर निघालं बघ शाळंला!"

बनाबाई गल्लीतल्या सरकारी प्राथमिक शाळेची शिपाईबाई. रोजंदारीवरची. झाडलोट, पाणी, घंटा ही पगाराची कामं. खरं काम घरोघरी जाऊन पोरं गोळा करणं. पट घसरला की शाळेला कुलूप लागतं, हे तिला पक्कं ठाऊक. तिची रीत ठरलेली. पोराला हात लावायचा नाही, चुचकारायचं नाही. दप्तर उचलायचं आणि चालू लागायचं. पाटी हरवली तर घरी पाठ सोलून निघणार, म्हणून पोरगं रडत-भेकत दप्तरामागं यायचंच. अशी अर्धी गल्ली हिनं शाळेत नेली. स्वतः मात्र अंगठा उठवायची.

चौऱ्याऐंशी साली गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडात इंग्लिश मीडियम निघालं. टाय लावलेली पोरं बघून आयाबायांना भुरळ पडली. आमच्या शाळेत पहिलीला पोरं मिळेनात. जूनमध्ये पट भरला नाही तर शाळा बंद, असं वरून कळलं. माझं डोकं फिरलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस; पुढचं वाचन मोर्च्याच्या पत्रकांवर झालं. पण त्या फुकटच्या चार इयत्तांच्या जोरावर मी साहेबाच्या टेबलासमोर मान वर करून भांडतो. ते कसं विसरू?

आईबाप माझं ऐकेनात. म्हटलं, हायस्कुलातल्या मोठ्या पोरांशी बोलू. घरच्या धाकट्यांसाठी तीच घरात भांडतील. बनाबाईला बरोबर नेलं. तिथले आणि आमच्या शाळेतलेही गुरुजी कडेला खुर्च्या टाकून बसलेले.

मी म्हटलं, "तुमच्या आजीनं काडेपेटी घेतली तरी तिच्यात कर भरलाय. त्या पैशाची ही शाळा. स्वतःच्या मालाला फुकटचा म्हणून नाक मुरडता व्हय रं?"

पोरं ऐकत होती. बनाबाई उठली, "तुमच्या एकेकाच्या दप्तराचं वझं ह्या खांद्याला अजून ठावं हाय!" हशा पिकला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात शहाजादी उभी राहिली. बांगडीवाल्या ख्वाजाभाईंची लेक, आता दहावीत. तिच्या धाकट्या भावाचं, रशीदचं, नाव यंदा पहिलीत घालायचं होतं.

"मावशी, अब्बा म्हणत्यात, बनाबाई सांगंल तिथं घालू. तुमचा नातू कुठं घातलाय?"

बनाबाईनं पदर सारखा केला. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"इंग्लिश मीडियमला."

मागच्या बाकावरून शिट्टी आली. मी तिथंच ओरडलो, "बनाबाई, जगाची पोरं सरकारी शाळेत ओढतीस आणि स्वतःचं तिकडं?"

"माझ्यावर काय वराडताय?" तिनं गुरुजींकडं बोट केलं. "ह्यांची पोरं कुठं जात्यात ते इचारा की! आचारी घरनं जेवून येतोय, त्या खाणावळीत माझं पोरगं का बसवू?"

गुरुजी चपलांकडं बघू लागले.

मी म्हटलं, "आचारी बिघडला तर त्याची मानगूट धरायची! खाणावळ बंद पाडायची न्हाय!"

"धरा की. तुम्ही मानगूट धरस्तोवर माझं पोरगं उपाशी बसू दे व्हय?"

 

जूनमध्ये रशीद टाय लावून गेला. ख्वाजाभाई तिकडं वळले, मागोमाग सगळी गल्ली वळली. शाळेला कुलूप लागलं. गुरुजींची बदली झाली, रोजंदारीवरच्या बनाबाईला घरी बसवलं.

दिवाळीनंतर एका सकाळी तीच हाक ऐकू आली. "ए रशीद, ऊठ! तुझं दप्तर निघालं!" बाहेर आलो. इंग्लिश मीडियमवाल्यांनी तिला निम्म्या पगारावर पोरं गोळा करायला ठेवलेली. माझी जीभ काही गप्प बसली नाही.

"झ्याक झालं बनाबाई! आजी आणि नातू एकाच शाळंत!"

"नातू न्हाय तिथं. माझा पगार गेला, फी थकली, काढलं त्याला."

"मग दुसऱ्या सरकारी शाळंत घाल."

"ती रंकाळा तळ्याच्या पल्याड. सहा वर्षाचं पोर एकटं जाईल? त्याला पोचवाय जाऊ, का ही पोरं गोळा करू?"

रशीदचं दप्तर खांद्याला मारून ती चालू लागली. रशीद मागं पळाला. तिच्या उंबऱ्यावर नातू बसला होता. जाणाऱ्या दप्तराकडं तो बघत राहिला, उठला नाही.